वाचकांचे प्रश्न : ‘ग्लॅडिएटर’चा दुसरा भाग चोवीस वर्षांनी साधला का?

प्रश्न : ‘ग्लॅडिएटर’ २००० साली आला तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि तो चित्रपट मी चित्रपटगृहात तीनदा पाहिला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, तोही पहिल्याच आठवड्यात पाहिला. कंटाळा आला नाही, परंतु बाहेर पडल्यावर मनात काही उरले नाही. हा दोष वाढलेल्या वयाचा की चित्रपटाचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोष आपल्या वयाचा नाही. हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री पुन्हा पाहिले आणि आपल्याला जाणवलेले रितेपण दुसऱ्या रात्री मलाही जाणवले. माझे मत आधीच नोंदवायचे तर, दुसरा भाग नक्कीच प्रेक्षणीय आहे आणि त्यात एक असामान्य भूमिका आहे, पण पहिल्या चित्रपटाचा उत्तरभाग म्हणून तो फसला आहे. तो फसण्याचे कारण अभिनयात किंवा चित्रीकरणात शोधू नये, ते पटकथेने घेतलेल्या एका निर्णयात आहे.

तो निर्णय नीट समजण्यासाठी पहिल्या चित्रपटाकडे परत जावे लागेल. वृद्ध सम्राट मार्कस ऑरेलियस आपल्या मुलाला, कॉमोडसला, डावलून सेनापती मॅक्सिमसच्या हाती रोम सोपवू पाहतो आणि मॅक्सिमसने सत्ता सिनेटकडे परत द्यावी अशी इच्छा व्यक्त करतो. हा मॅक्सिमस जन्माने कोणी नाही. तो स्पेनमधला शेतकरी आहे, आणि घरी शेवटचे केव्हा गेला होतास असे सम्राटाने विचारल्यावर २ वर्षे, २६४ दिवस आणि आजची सकाळ, असा मनात रोज मोजलेला हिशेब सांगतो. कॉमोडस बापाचा जीव घेतो, मॅक्सिमसच्या बायकोला आणि मुलाला मारवतो. मॅक्सिमस गुलाम होतो, ग्लॅडिएटर म्हणजे प्रेक्षकांपुढे रिंगणात झुंजणारा योद्धा होतो आणि अखेर रोमच्या रिंगणात कॉमोडसला मारून स्वतःही मरतो. मरताना त्याचा हात गव्हाच्या लोंब्यांवरून फिरतो आणि समोरून बायको आणि मुलगा येताना दिसतात. राज्य, सूड, लोकांचा जयघोष यांपैकी कशाचीच त्याला ओढ नव्हती. घरी जाणे एवढेच त्याला हवे होते, आणि ते त्याला मिळाले. आपण तीनदा तिकीट काढले ते मला वाटते या घरी परतण्यासाठी.

त्याच चित्रपटात जर्मेनियातील छावणीत एक लहानसा प्रसंग आहे. सम्राटाची मुलगी ल्युसिला मॅक्सिमसला भेटते, दोघांमध्ये पूर्वी काही होते हे त्यांच्या बोलण्याच्या ढंगावरून कळते, आणि मग ती सांगते की तिचा ल्युशियस आता आठ वर्षांचा होत आला आहे. त्यावर मॅक्सिमस म्हणतो की त्याचाही मुलगा आठ वर्षांचा होत आला आहे. हा प्रसंग पुढे फार बोचतो, कारण एक मुलगा राजवाड्यात सुखरूप राहतो आणि दुसरा शेताच्या दारात मारला जातो. आता दुसरा भाग आपल्याला सांगतो की ल्युशियस हा मॅक्सिमसचाच मुलगा होता. म्हणजे एकाच सुमारास एक मूल पत्नीच्या पोटी आणि दुसरे ल्युसिलाच्या पोटी वाढत होते, असे मानणे भाग पडते, आणि ज्या निष्ठेवर पहिला चित्रपट उभा होता त्या निष्ठेलाच तडा जातो. पूर्वप्रेमाची सूचना पहिल्या भागातही होती, असे या निर्णयाचे समर्थक म्हणतात, आणि ते खरे आहे. पण पूर्वप्रेम वेगळे आणि समवयस्क दोन मुले वेगळी.

याहून मोठे नुकसान विचारांच्या पातळीवर झाले आहे. पहिल्या चित्रपटाचा गाभाच असा होता की योग्यता रक्तातून येत नाही. सम्राटाने पोटच्या मुलाला दूर सारून परक्या शेतकऱ्याची निवड केली होती, आणि कॉमोडसचा सारा आकांत या नाकारलेपणाचा होता. दुसऱ्या भागाचा नायक मात्र आईकडून सम्राटाचा नातू आणि बापाकडून मॅक्सिमसचा मुलगा आहे. रोमने त्याच्यामागे जावे याचे चित्रपटाकडे असलेले सर्वांत ठळक कारण त्याचे कूळ हेच आहे. ज्या कथेने वारसाहक्काला नकार दिला तिचाच पुढचा अध्याय वारसाहक्काच्या आधाराने लिहिला गेला, हे मला मान्य करता येत नाही.

सूडाची रेषाही तुटली आहे. पहिल्या भागात मॅक्सिमस आणि कॉमोडस यांचे वैर मेलेल्या सम्राटाच्या तंबूत सुरू होते आणि मध्ये कोठेही न भरकटता रिंगणातल्या अखेरच्या झुंजीपर्यंत जाते. दुसऱ्या भागात हानो या नावाने उत्तर आफ्रिकेतील नुमिडियात वाढलेल्या ल्युशियसची पत्नी रोमन सेनापती अकेशियसच्या स्वारीत मारली जाते, आणि त्याचा संताप या सेनापतीवर एकवटतो. परंतु अकेशियस सज्जन निघतो, तो ल्युसिलाचा पती निघतो, तोही या राजवटीविरुद्ध कट करत असतो. मग संताप कोणावर? जुळे सम्राट गेटा आणि काराकाला इतके दुबळे आणि विकृत रंगवले आहेत की ते नायकाच्या तोडीचे शत्रू होऊच शकत नाहीत, आणि खरा प्रतिस्पर्धी पुढे येईपर्यंत शेवट जवळ आलेला असतो. ल्युशियसची भूमिका करणारा पॉल मेस्कल हा अतिशय चांगला नट आहे. दबलेले दुःख चेहऱ्यावर न दाखवता जाणवून देण्याची त्याची हातोटी त्याच्या आधीच्या कामांत दिसली आहे. येथे त्याला शेवटी दोन सैन्यांच्या मधोमध उभे राहून रोमच्या स्वप्नावर भाषण करावे लागते, आणि ते शब्द त्याच्या तोंडी बसत नाहीत.

आता जे साधले त्याविषयी. डेंझेल वॉशिंग्टन यांचा मॅक्रिनस हे या चित्रपटाचे खरे धन आहे. ग्लॅडिएटर बाळगणारा, शस्त्रास्त्रांपासून धान्यापर्यंत सर्वांचा व्यापार करणारा, एकेकाळी मार्कस ऑरेलियसचाच गुलाम असलेला हा माणूस हसतो, कपड्यांशी चाळा करतो, समोरच्याला बोलू देतो आणि त्याचा दुबळा कोपरा हेरून ठेवतो. पहिल्या भागात जो सम्राट आपण साधुपुरुष म्हणून पाहिला त्याच्या घरात गुलाम होते, आणि त्या गुलामाच्या अंगावर सम्राटाच्या नावाचा डाग दिलेला आहे, ही एकच गोष्ट पहिल्या चित्रपटाला नवा प्रश्न विचारते. मॅक्सिमसने जिच्यासाठी प्राण दिला ती रोम खालून पाहणाऱ्याला कशी दिसते, हा तो प्रश्न. पटकथेने मॅक्रिनसला केंद्रस्थानी ठेवले असते तर मी आज वेगळे उत्तर लिहिले असते. परंतु त्याला खलनायक करून वेशीबाहेरच्या पाण्यात मारले जाते, आणि तो प्रश्न त्याच्याबरोबर बुडतो.

दृश्यांच्या भव्यतेबद्दल थोडक्यात लिहितो. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी हा चित्रपट आपल्या सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधी प्रेक्षकांपुढे आणला, छायाचित्रणकार पहिल्याच भागाचे जॉन मॅथिसन आहेत, आणि समुद्राकडून नुमिडियाच्या तटावर होणारा हल्ला पाहताना या दोघांची नजर किती शाबूत आहे हे कळते. रिंगणातली माकडे आणि पाण्यातले शार्क मात्र संगणकाचे आहेत हे डोळ्यांना लगेच समजते. पहिल्या भागातही माल्टात कोलोसियमचा, म्हणजे रोममधल्या त्या भव्य रिंगणाचा, काही भागच प्रत्यक्ष बांधला होता आणि उरलेला संगणकाने उभा केला होता, पण त्या वेळी त्या रिंगणात उभ्या असलेल्या माणसाविषयी आपल्याला इतकी काळजी वाटत होती की भिंती खऱ्या आहेत की खोट्या हे पाहायला सवड नव्हती.

प्रश्न : पहिल्या भागाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले होते, तर दुसऱ्याला फक्त वेशभूषेसाठी नामांकन मिळाले. जुन्या गाजलेल्या चित्रपटांचे उशिरा निघणारे भाग असेच फसतात का? आपल्याकडे ‘गदर २’ तर प्रचंड चालला.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : उशीर हा स्वतंत्र दोष नाही. उशिरा परत येताना चित्रपट कोणाला घेऊन येतो, यावर बरेच अवलंबून असते, आणि आपण दिलेले उदाहरण त्यासाठी फार उपयोगी आहे. ‘गदर’ २००१ चा, म्हणजे ‘ग्लॅडिएटर’नंतर वर्षभराने आलेला, त्याचा दुसरा भाग २०२३ मध्ये, बावीस वर्षांनी आला. फाळणीच्या काळातली कथा १९७१ च्या युद्धापर्यंत नेताना दिग्दर्शक अनिल शर्मा यांच्याजवळ नायक तारासिंग जिवंत होता, तो साकारणारे सनी देओल होते, सकिना साकारणाऱ्या अमीषा पटेल होत्या, आणि पहिल्या भागातला लहान मुलगा ज्याने केला त्याच उत्कर्ष शर्माने दुसऱ्या भागातला तरुण मुलगा केला. चित्रपट म्हणून ‘गदर २’ मला भडक आणि विस्कळीत वाटला. तरीही प्रेक्षक ज्यांना भेटायला गेले होते ती माणसे त्यांना पडद्यावर भेटली, आणि मधली बावीस वर्षे त्यांच्या चेहऱ्यांवर खरोखरच उमटलेली दिसली.

‘ग्लॅडिएटर’जवळ ही सोय नव्हती. मॅक्सिमस मेला होता, कॉमोडस मेला होता, आणि ग्लॅडिएटरांच्या मालकाची भूमिका करणारे ऑलिव्हर रीड तर पहिल्या भागाचे चित्रीकरण चालू असतानाच १९९९ मध्ये माल्टात वारले होते. नायक मेल्यानंतर पुढची गोष्ट कोणाची, या प्रश्नाने निर्मात्यांना अनेक वर्षे अडवून ठेवले. ऑस्ट्रेलियन गायक आणि लेखक निक केव्ह यांनी एक पटकथा लिहिली होती, तिच्यात मॅक्सिमस मरणोत्तर लोकात जागा होतो, पुन्हा पृथ्वीवर येतो आणि शेवटी युगायुगांतल्या युद्धांमधून व्हिएतनामपर्यंत पोहोचतो. ती पटकथा विचित्र होती आणि ती चित्रित झाली नाही, पण मेलेल्या नायकाच्या अडचणीला ती निदान सरळ सामोरी गेली होती. प्रत्यक्षात आलेल्या चित्रपटाने ती अडचण मुलगा आणून सोडवली. पहिल्या भागातला लहान ल्युशियस स्पेन्सर ट्रीट क्लार्कने केला होता, आताचा मेस्कलने केला आहे. कॉनी निल्सन यांची ल्युसिला आणि डेरेक जेकोबी यांचा सिनेटर ग्रॅकस एवढेच चेहरे परत आले. निल्सन दिसतात तेव्हा चित्रपटात जीव येतो. आपल्या मुलाला ओळखून तळघरातल्या कोठडीत त्याच्यासमोर उभी असलेली ही स्त्री पहिला चित्रपट स्वतःच्या अंगावर वागवत आलेली आहे. पण पटकथेने तिला बांधून रिंगणात उभे केले आणि बाणाने मारले, यापलीकडे तिचा उपयोग केला नाही, याचे मला अतिशय वाईट वाटते.

माणसे नाहीत म्हणून मग आठवणींच्या खुणा आणल्या आहेत. सुरुवातीलाच पहिल्या भागाची दृश्ये रंगचित्रांच्या रूपात येतात. कोलोसियमच्या खाली मॅक्सिमसचे स्मृतिस्थान आणि त्याचे चिलखत जपून ठेवलेले आहे. ल्युशियस झुंजीआधी मूठभर माती हातांना चोळतो. पहिल्या भागात ही माती शेतकऱ्याची सवय होती, लढाईआधी हात कोरडे करण्याची आणि पायाखालची जमीन ओळखण्याची. दुसऱ्या भागात तीच कृती आपल्याला कोणाची तरी आठवण व्हावी म्हणून येते. शेवटी रिकाम्या रिंगणात मुलगा वाळू हातात घेऊन बापाशी बोलतो आणि जुनी सुरावट ऐकू येते, तेव्हा डोळे भरतात हे मी नाकारत नाही, पण ते संगीतकार हान्स झिमर आणि लिसा जेरार्ड यांनी २००० साली केलेल्या कामामुळे भरतात.

आपण ऑस्करचा उल्लेख केला म्हणून तिकीटबारीचाही करतो. पहिल्या भागाने जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलर मिळवले, आणि दुसऱ्यानेही जवळजवळ तेवढेच. पहिल्याचा खर्च सुमारे १० कोटी होता, दुसऱ्याचा त्याच्या दुपटीहून अधिक. आणि चोवीस वर्षांत डॉलरची किंमतही घटली. म्हणजे लोक आले, पण पुन्हापुन्हा आले नाहीत असे म्हणायला जागा आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. दुसऱ्या भागात कोलोसियममध्ये पाणी भरून जहाजांची लढाई दाखवली आहे, जुळे सम्राट आहेत, भारतातून आलेला वैद्यही आहे. यातले मुलांना खरे म्हणून काय सांगावे?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही चित्रपटांनी इतिहासाशी मोकळीक घेतली आहे, तेव्हा पहिला खरा आणि दुसरा खोटा असे मानू नये. प्रत्यक्षातील मार्कस ऑरेलियसने कॉमोडसला डावलले नव्हते, इ. स. १७७ मध्येच त्याला सहसम्राट केले होते. कॉमोडसने १८० ते १९२ अशी बारा वर्षे एकट्याने राज्य केले, त्याला रिंगणात उतरून लढण्याचे वेड होते हे खरे, पण त्याचा गळा नार्सिसस नावाच्या मल्लाने आवळला. ल्युसिला भावाविरुद्धच्या कटात सापडली आणि १८२ च्या सुमारास मारली गेली, म्हणजे दुसऱ्या भागाच्या काळात ती असूच शकत नाही. मॅक्सिमस पूर्णपणे कल्पित आहे.

जहाजांची लढाई मात्र अगदीच निराधार नाही. इ. स. ८० मध्ये सम्राट टायटसने कोलोसियमचे उद्घाटन केले तेव्हा तेथे पाणी भरून नाविक युद्धाचा खेळ केल्याचे इतिहासकार कॅसियस डायो लिहितो. नंतर रिंगणाखाली दालने आणि बोगदे बांधले गेल्यावर तेथे पाणी भरणे शक्य राहिले नसावे, आणि चित्रपट त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी घडतो. शार्कना कोणताही आधार नाही. गेंडा रिंगणात आणला जात असे, त्यावर स्वार होऊन लढल्याचे दिसत नाही. नुमिडियाविषयी मुलांना जरूर सांगा की तो प्रदेश इ. स. पूर्व ४६ पासूनच रोमच्या ताब्यात होता, इ. स. २०० च्या सुमारास तेथील स्वतंत्र नगर जिंकण्याचा प्रश्नच नव्हता.

पण मला खंत वाटते ती वेगळ्या कारणाने. येथे खरा इतिहास पटकथेपेक्षा कितीतरी नाट्यमय होता आणि तो हातचा घालवला गेला. काराकाला आणि गेटा जुळे नव्हते. ते वर्षभराच्या अंतराने जन्मलेले सख्खे भाऊ होते. त्यांचा बाप सेप्टिमियस सिव्हेरस आजच्या लिबियातील लेप्टिस मॅग्ना येथे जन्मलेला, म्हणजे आफ्रिकेतून आलेला माणूस त्या वेळी रोमच्या गादीवर होताच. त्यांची आई जुलिया डोम्ना सीरियातली, विद्वानांच्या सहवासात रमणारी आणि राजकारणात मुरलेली होती. बाप २११ मध्ये वारला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काराकालाने समेटाच्या निमित्ताने गेटाला आईच्या दालनात बोलावून तिच्या मिठीतच मारवले. ही आई चित्रपटात नाहीच! आणि हाच भाऊहत्यारा काराकाला २१२ मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमचे नागरिकत्व देतो. त्यामागे कर वाढवण्याचा हेतू होता असे डायो म्हणतो, परंतु परिणाम मोठा होता. रोम सर्वांचे असावे हे जे स्वप्न चित्रपटाचा नायक भाषणात सांगतो, त्याच्या सर्वांत जवळ जाणारा आदेश इतिहासात एका क्रूर सम्राटाने काढला होता. हा पेच हाती असताना काराकालाला माकड खांद्यावर घेऊन फिरणारा वेडा म्हणून दाखवणे ही मला या पटकथेची मोठी चूक वाटते. मॅक्रिनसही खरा आहे. तो आजच्या अल्जीरियातील सीझरियाचा, सिनेटर नसलेल्या घराण्यातून वर चढलेला कायदेपंडित होता. काराकालाची २१७ मध्ये हत्या झाल्यावर तो सम्राट झाला आणि सुमारे चौदा महिन्यांतच संपला.

वैद्य रवीबद्दल आपण विचारले आहे. तो कल्पित आहे, पण भारत आणि रोम यांची ये-जा कल्पित नाही, आणि यासाठी आपल्याला वर्ग सोडून फार लांब जावे लागणार नाही. सोपारा, कल्याण आणि तेर ही नावे त्या व्यापाराशी जोडलेली आहेत, आणि आपल्याच गावात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या सागरदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली आहे. मुलांना चित्रपटातल्या वैद्याबरोबर तीही सांगावी.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने दोन्हींपैकी एकही पाहिलेला नाही. आधी कोणता दाखवावा?
– एक वाचक, पणजी

उत्तर : आधी पहिला, आणि शक्य असेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर. दोन्हींत रक्तपात भरपूर आहे. दुसऱ्या भागातील माकडांची झुंज विशेष अंगावर येणारी आहे, तिची पूर्वकल्पना तिला द्यावी. दुसरा भाग लगेच दुसऱ्या दिवशी लावू नये. मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे पहिल्याची तुलना प्रत्येक दृश्याला आड येणार नाही आणि मॅक्रिनस तिला स्वतंत्रपणे पाहता येईल. ल्युशियस कोणाचा मुलगा हे मात्र तिला आधी सांगू नका. छावणीतल्या त्या प्रसंगात दोन आई-बाप आपापल्या आठ वर्षांच्या मुलांविषयी बोलतात, तो तिने एकदा तरी ही माहिती नसताना पाहावा.